मोटारीची निगा : कंपनीकडे कीं उस्तादाकडे ?



नवी मोटार दारांत उभी राहिली म्हणजे घरांतील मंडळी तिचा रंग पाहतात, मुलें तिचा भोंगा वाजवितात, आणि तिच्याबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका कोणीं न उघडतांच कपाटांत जाऊन पडते. आजचें माझें भाषण त्या पुस्तिकेविषयीं आहे असें म्हटलें तरी चालेल. मोटार विकत घेतांना आपण चार दुकानें हिंडतों, हजार-पांचशें रुपयांसाठीं घासाघीस करतों. परंतु ती घेतल्यावर तिच्या निगेसाठीं दरवर्षीं जो पैसा जातो, त्याचा हिशेब विचारण्याचें धैर्य आपल्या मध्यमवर्गीय घरांत क्वचितच आढळतें. बिल हातांत येतें, त्यावर इंग्रजी नांवांच्या दहा-पंधरा ओळी असतात. आपण तळाचा आंकडा पाहतों आणि पैसे देऊन मोकळे होतों.

याचें कारण माझ्या मतें अज्ञानापेक्षां भय हें अधिक आहे. “बाहेर कोठें काम केलेंत तर वॉरंटी जाईल” हें वाक्य मोटार घेतल्याच्या दिवशींच कानांवर पडतें, आणि मग तें मनांतून जात नाहीं. हें भय कितपत खरें, आणि कंपनीची अधिकृत कार्यशाळा व गांवांतील उस्ताद यांच्या खर्चांतील फरक नेमका कोठें पडतो, या दोनच गोष्टींविषयीं मी बोलणार आहें. आमच्या मराठवाड्यांत मोटारीच्या कारागिराला उस्ताद म्हणतात. हा शब्द हैदराबादकडून आला. पण आतां तो आमचाच झाला आहे, म्हणून मीही तोच वापरीन.

प्रथम निगा म्हणजे काय तें पाहूं. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान मोटारीच्या ठराविक सर्व्हिसिंगमध्यें जादू कांहीं नाहीं. इंजिनांतील जुनें ऑईल काढून नवें भरणें, तें गाळणारा फिल्टर बदलणें, हवेचा फिल्टर झाडणें किंवा बदलणें, ब्रेकची झीज पाहणें, कूलंटची व ब्रेकच्या तेलाची पातळी तपासणें, चाकांची अदलाबदल करणें, बॅटरी पाहणें, झालें. लहान इंजिनाला ऑईल तीन ते चार लिटर लागतें. इंजिनांत धातूवर धातू घासला जाऊं नये म्हणून त्यांच्यामध्यें ऑईलचा पातळ थर असतो. तोच थर उष्णता वाहून नेतो, आणि काजळी व धातूचे बारीक कण फिल्टरपर्यंत पोंचवितो. उष्णतेनें आणि काळानें तें ऑईल निकामी होत जातें. म्हणून बहुतेक कंपन्या पुस्तिकेंत असा नियम घालतात कीं, १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तेव्हां ऑईल बदलावें.

आमच्या धर्माबादेसारख्या गांवीं घरची गाडी बाजार, शाळा, स्टेशन, आणि सणावारीं फार तर बासरच्या सरस्वतीचें दर्शन, एवढीच फिरते. कित्येक गाड्यांचे वर्षाला पांच हजार किलोमीटरही होत नाहींत. तेव्हां येथें किलोमीटरचा नव्हे, तर कॅलेंडरचा नियम लागू होतो. “गाडी चाललीच कोठें ?” असें म्हणून दोन-दोन वर्षें ऑईल तसेंच ठेवणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. वस्तुतः दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं, आंतील ओल उडून जात नाहीं, आणि ऑईल लवकर खराब होतें. थोडी चालणारी गाडी कमी निगा मागते ही समजूत चुकीची आहे.

ऑईलच्या जातीविषयीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. पुस्तिकेंत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशी एक खूण दिलेली असते. पहिला आंकडा तें थंडींत किती सहज वाहतें हें सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनांत तें किती दाट राहतें हें सांगतो. नवीं इंजिनें पातळ ऑईलसाठींच घडविलेलीं असतात. जुन्या अँबॅसडर-फियाटच्या काळांत हात बसलेला एखादा उस्ताद “दाट टाकूं, इंजिन थंड राहील” असें म्हणतो. त्याचें या एका बाबतींत ऐकूं नये. पुस्तिका दाखवावी आणि तीच खूण असलेला डबा आपण स्वतः आणून द्यावा.

आतां खर्चाकडे वळूं. पहिल्या वर्षीं बहुतेक कंपन्या दोन-तीन सर्व्हिसिंग मोफत करून देतात. मोफत असते ती मजुरी. ऑईलचे व फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. तरीही या काळांत दुसरीकडे जाण्यांत कांहीं हंशील नाहीं, कारण जी मजुरी गाडीच्या किंमतींत आपण आधींच भरली आहे ती सोडून देण्यासारखें तें होईल. प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर, मजुरीचे पैसे सुरू झाल्यावर, आणि हमीची मुदत अजून शिल्लक असतांना.

माझ्या दोन स्नेह्यांकडे एकाच कंपनीची, एकाच नमुन्याची गाडी आहे. दोघांचेंही दोन वर्षांचें सर्व्हिसिंग एकाच महिन्यांत झालें. एक नांदेडास अधिकृत कार्यशाळेंत गेले, दुसऱ्यांनीं गांवांतील उस्तादाकडून काम करून घेतलें. दोन्ही बिलें मीं मागून घेतलीं आणि शाळेंतल्या जुन्या सवयीनें शेजारीं-शेजारीं मांडलीं. नांदेडचें बिल करासह ६,२४० रुपयांचें होतें. त्यांत ऑईल १,७६० रुपये, त्याचा फिल्टर व वॉशर १६०, हवेचा फिल्टर २९०, मजुरी १,७००, चाकांचें अलाइनमेंट व बॅलन्सिंग ८५०, थ्रॉटल साफ करणें ६५०, एसी निर्जंतुक करणें ४८०, आणि इंजिनावर चकाकीचा फवारा ३५० रुपये. गांवांतील खर्च ३,०९० रुपये झाला : ऑईल १,७५०, दोन्ही फिल्टर मिळून ४४०, उस्तादाची मजुरी ५००, आणि टायरच्या दुकानांत अलाइनमेंट ४००.

फरक ३,१५० रुपयांचा, म्हणजे कंपनीचें बिल दुपटीहून अधिक. पण तो फरक पडला कोठें ? ऑईल व फिल्टर यांची बेरीज कंपनीकडे २,२१० आणि गांवांत २,१९०. फरक फक्त २० रुपयांचा. लोक समजतात कीं कंपनीचा माल महाग आणि बाहेरचा स्वस्त. खरा माल घ्यावयाचा तर त्याची किंमत डब्यावर छापलेली असते, ती दोहोंकडे जवळजवळ सारखीच. बाहेर माल फारच स्वस्त मिळूं लागला, तर आनंद मानण्याऐवजीं तो बनावट तर नाहीं ना, हें पाहावें. मजुरींत फरक १,२०० रुपयांचा, अलाइनमेंटमध्यें ४५० चा. राहिले १,४८० रुपये. ते ज्या तीन कामांचे आहेत, तीं तिन्ही कामें पुस्तिकेंतील दोन वर्षांच्या तक्त्यांत नाहींतच!

मजुरीविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. १,७०० रुपयांच्या मजुरींत १८ टक्के वस्तू व सेवा कराचे सुमारें २६० रुपये आहेत. ते कार्यशाळेच्या खिशांत जात नाहींत. लहान उस्तादाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आंत असली म्हणजे त्याला नोंदणीचें बंधन नाहीं, आणि नोंदणी नसलेल्याला कर घेतांही येत नाहीं. शिवाय कार्यशाळेचें जागाभाडें, गाडी उचलणारीं यंत्रें, शिकवून तयार केलेलीं माणसें, यांचा खर्च खोटा नाहीं. सुट्या भागांवर पूर्वीं २८ टक्क्यांपर्यंत कर असे; २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व भागांवर तो सरसकट १८ टक्के झाला आहे. हातांत त्याआधींचें बिल असेल तर तुलना करतांना एवढें ध्यानांत ठेवावें.

परंतु त्या तीन जादा कामांचें समर्थन मला करतां येत नाहीं. दहा-वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा थ्रॉटल कारणाशिवाय साफ करण्याची गरज नसते. इंजिनावरील फवाऱ्यानें इंजिन चकाकतें. त्यापलीकडे तें अधिक चांगलें चालत नाहीं. टायरमध्यें पैसे घेऊन नायट्रोजन भरून देण्याची टूम अशीच. आपण फुकट भरतों त्या साध्या हवेंत शेंकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो, हें माझ्या सातवींतल्या मुलांना ठाऊक असे. आमच्या गांवीं मिरचीच्या हंगामांत बाजाराच्या रस्त्यानें जाणाऱ्या गाडीचा आंतील हवेचा फिल्टर मात्र अवश्य पाहावा. तें काम पैसे घेण्याजोगें आहे.

यांत आणखी एक रक्कम आहे, ती कोणत्याच बिलांत येत नाहीं. धर्माबादहून नांदेडास जाऊन-येऊन दीडशें किलोमीटरच्या आसपास पडतात. लिटरला १८ किलोमीटर धरले आणि पेट्रोलचा दर शंभराच्या वर धरला, तर ९०० रुपयांच्या आसपास तेथेंच गेले. शिवाय सारा दिवस जातो तो निराळाच. गाडी सकाळीं दिली तर दुपारीं चारला मिळते. तोंवर प्रतीक्षागृहांतील गार हवा आणि भिंतीवरील दूरचित्रवाणी. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा हिशेब क्षुल्लक वाटेल. ज्यांच्या गांवीं आपल्या कंपनीची कार्यशाळा नाहीं, त्यांना तो वाटत नाहीं.

आतां भयाच्या मुळाशीं जाऊं. वॉरंटी म्हणजे घडणींतील दोषाबद्दल कंपनीनें दिलेली हमी. ब्रेकचे पॅड, क्लच, वायपर, बल्ब असे झिजणारे भाग बहुधा तिच्याबाहेरच असतात. दोष कंपनीचा असेल तर तो तिनें आपल्या खर्चानें दूर करावयाचा, हा करार. मग दुसऱ्या कोणीं ऑईल बदललें म्हणून सबंध करार मोडतो काय ? याचा विचार आपल्या देशांत सविस्तर झालेला आहे. एका नागरिकाच्या तक्रारीवरून २०११ सालीं भारतीय स्पर्धा आयोगापुढें प्रकरण आलें कीं, मोटार कंपन्या आपले सुटे भाग आणि बिघाड शोधण्याचीं साधनें खुल्या बाजारांत मिळूं देत नाहींत, आणि त्यामुळें ग्राहकाला त्यांच्याच दारीं जावें लागतें. चौकशी वाढत गेली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजीं आयोगानें १४ कंपन्यांना मिळून सुमारें २,५४५ कोटी रुपये दंड केला.

दंडाचा आंकडा वर्तमानपत्रांत गाजला. पण तुमच्या-आमच्या उपयोगाचा भाग त्या आदेशांत दुसराच होता. बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतलें तर हमी रद्द, अशी सरसकट अट कंपन्यांनीं घालूं नये. बाहेरच्या सदोष कामामुळें जें नुकसान झालें असेल, तेवढ्यापुरतीच हमी नाकारावी, असें आयोगानें सांगितलें. कंपन्यांनीं वाद पुढें नेला. २०१६ मध्यें अपील न्यायाधिकरणानें तीन कंपन्यांच्या बाबतींत आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवून दंड कमी केला. इतरांचीं प्रकरणें उच्च न्यायालयांत व त्याच्याही पुढें गेलीं. तेव्हां हा आदेश खिशांत घालून कोणीं भांडावयास जावें असें मी म्हणत नाहीं. पण तत्त्व कोणतें, हें त्यावरून स्पष्ट होतें. अमेरिकेनें तर १९७५ च्या कायद्यानेंच, हमीच्या बदल्यांत ग्राहकाला विशिष्ट दुकानाशीं बांधण्यास मनाई केली. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेंही २४ डिसेंबर २०२२ रोजीं ‘दुरुस्तीचा हक्क’ या नांवानें माहितीचें दालन उघडलें, आणि त्यांत मोटारींचा समावेश केला.

येथें एक बारकावा आहे. समजा उस्तादानें ऑईल बदललें आणि पुढें दाराची कांच वर-खालीं करणारी मोटर बंद पडली. या दोहोंचा संबंध काय ? कांहींच नाहीं. ती हमी मागण्याचा आपला हक्क शाबूत आहे. पण समजा इंजिनच जाम झालें, तर कंपनी विचारणारच : ऑईल केव्हां बदललें, कोणतें घातलें, किती घातलें ? या प्रश्नाला कागदानें उत्तर देतां आलें नाहीं, तर आदेश कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाहीं. म्हणजे बाहेर काम केल्यानें आपली बाजू पडते असें नव्हे; केलेल्या कामाचा पुरावा नसल्यानें ती पडते.

आणि आमच्या गांवांतील उस्ताद नेमका येथेंच कमी पडतो. कौशल्यांत तो कमी नाहीं. या भागाला मोटारीची विद्या नवी नव्हे. निजामाच्या राज्यांत १९३२ सालींच रेल्वेखात्यानें २७ गाड्यांनिशीं सरकारी मोटारसेवा सुरू केली होती, आणि मोटारीचें काम येथें हातोहात शिकलें-शिकविलें गेलेलें आहे. आमच्या गांवचा एक उस्ताद माझाच जुना विद्यार्थी. त्याला मीं विचारलें, “काय रे, नवी गाडी तुझ्या दारीं कां दिसत नाहीं ?” तो म्हणाला, “गुरुजी, वॉरंटीतली गाडी मी घेतच नाही. उद्या काही झालं, तर उस्तादानं हात लावला म्हणून मलाच धरतील. आन् तीन वर्षांनी गाडी माझ्याकडं येती, तवा तिच्यातलं निम्मं आमाला शिकायचं ऱ्हाऊन गेलेलं असतं.”

हें त्याचें शेवटचें वाक्य मला लागलें. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रतीच्या गाड्या आल्या. बिघाडाची खूण आतां कानानें कमी आणि यंत्रानें अधिक वाचावी लागते. या उस्तादानें स्कॅनर घेतला आहे. तो सामान्य खुणा वाचतो. कांहीं गोष्टी मात्र कंपनीच्या स्वतःच्या प्रणालीखेरीज उघडत नाहींत. नव्या गाड्या त्याच्यापाशीं आल्याच नाहींत, तर त्याचा हात त्यांवर बसणार कसा ? आणि दहा वर्षांनीं, हमी संपलेल्या गाड्यांनीं गांव भरलेलें असतांना, साधें ऑईल बदलण्यासाठींही साऱ्या तालुक्याला नांदेड किंवा निजामाबाद गांठावें लागेल काय ?

मीं त्याला पावतीविषयीं विचारलें. तो हंसून म्हणाला, “मागायला लोकांना लाज वाटती, आन् द्यायला मला वेळ नसतो.” तेव्हां मींच एक पावतीपुस्तक छापून घेऊन त्याला दिलें. तारीख, गाडीचा नंबर, मीटरवरील किलोमीटर, ऑईलची खूण व लिटर, बदललेल्या भागांचीं नांवें, आणि सही. ऑईल व फिल्टर ग्राहकानें स्वतः पक्क्या बिलानें आणावे. तें बिल या पावतीला टाचावें. मीटरचें एक छायाचित्र मोबाईलवर घेऊन ठेवावें. पावतीला दोन मिनिटें लागतात. आतां तो ती देतो, फक्त अक्षर अजून तसेंच आहे.

सगळें काम उस्तादाकडे न्यावें असें मात्र माझें म्हणणें नाहीं. हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, ब्रेकची विजेवर चालणारी यंत्रणा, संगणकांतील सुधारणा, कंपनीनें स्वतः परत बोलाविलेल्या गाड्यांचें काम, आणि हमीखालीं मागावयाची प्रत्येक दुरुस्ती, हीं कंपनीच्याच दारीं झालीं पाहिजेत. विजेच्या गाडींत तर इंजिन ऑईलच नसतें, आणि तिच्यांतील उच्च दाबाच्या तारांना शिक्षण न घेतलेल्यानें हात लावणें जीवावर बेतूं शकतें. ज्यांना गाडी तीन-चार वर्षांत विकावयाची आहे, त्यांनाही कंपनीच्या दप्तरांतील सलग नोंदीमुळें गिऱ्हाईक लवकर मिळतें. त्यांनीं तो जादा खर्च समजून-उमजून करावा.

कंपनीकडे जाणाऱ्यांनीं गाडी देतांना ‘जॉब कार्ड’ वाचल्याशिवाय सही करूं नये. “पुस्तिकेंतील तक्त्याप्रमाणें जेवढें आहे तेवढेंच करा, अधिक कांहीं लागलें तर आधीं फोन करा,” एवढें एक वाक्य त्यावर लिहून घ्यावें, आणि बदललेले जुने भाग परत मागावे. माझ्या नांदेडच्या स्नेह्यांनीं पुढच्या वर्षीं असें केलें. जादा कामाची एकही ओळ बिलांत आली नाहीं, आणि त्यांच्याशीं कोणीं उद्धटपणेंही बोललें नाहीं.

हमी नाकारली गेली, तर कारण लेखी मागावें. तोंडीं नकार देणें सोपें असतें. “अमुक बाहेरच्या कामामुळें अमुक भाग बिघडला” असें लिहून सही करणें तितकें सोपें नसतें. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेंही काम झालें नाहीं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मालाची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तेथें फी पडत नाहीं, आणि अधिक असली तरी फी फार नाहीं. आमच्याकडील पुष्कळ मंडळी गाडी निजामाबादेस किंवा हैदराबादेस घेतात, आणि तक्रारीसाठीं परराज्यांत खेटे घालावे लागतील म्हणून गप्प बसतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला, तेव्हांपासून ग्राहक जेथें राहतो तेथील आयोगांतही तक्रार दाखल करतां येते. धर्माबादच्या माणसाला त्यासाठीं नांदेडच्या पुढें जावें लागत नाहीं.